देणगीदाराला घामाचा हिशेब नको असतो

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. एखाद्या संस्थेसाठी देणग्या गोळा करायच्या आणि त्या निमित्ताने जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी २१ किंवा ४२ किलोमीटर धावायचं, हा रिवाज आता कचेऱ्यांत, सोसायट्यांत, डॉक्टर-वकिलांच्या वर्तुळांत चांगलाच रुळला आहे. युनायटेड वे मुंबईमार्फत दरवर्षी कोट्यवधी रुपये या वाटेने संस्थांपर्यंत जातात. त्याबद्दल तक्रार करण्याचं काहीच कारण नाही. तक्रार आहे ती या रिवाजाला हळूहळू चिकटलेल्या एका समजुतीबद्दल. लोकांनी आपल्या शब्दावर पैसे दिले आहेत, तेव्हा आता एकही दिवस वाया जाता कामा नये. सरावात सुट्टी म्हणजे देणगीदाराशी बेइमानी, अशी ती समजूत. पहाटेच्या गटांत ती भारदस्त सुरात सांगितली जाते, आणि तिचा हुकमाचा एक्का ठरलेला असतो: ज्या कर्करुग्णांसाठी तुम्ही धावता, त्यांना केमोथेरपीतून सुट्टी मिळते का?

मिळते. आधी याच एक्क्याचं बघू. केमोथेरपीची बरीचशी औषधं फेऱ्याफेऱ्यांनी देतात. औषध दिल्यावर मध्ये काही दिवस, अनेकदा दोन-तीन आठवडे, मुद्दाम मोकळे सोडतात. कारण औषध कर्कपेशींबरोबर अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशींनाही मारतं आणि त्या भरून यायला वेळ लागतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुरेशा वर आल्या नसतील तर डॉक्टर पुढची फेरी पुढे ढकलतात. त्या रुग्णाला कोणी आळशी म्हणत नाही. मधले मोकळे दिवस हा उपचाराचाच भाग असतो, हे नातेवाइकांनाही ठाऊक असतं. जे कर्करोगाच्या वॉर्डात सगळ्यांना कळतं, ते मरीन ड्राइव्हवर आल्यावर का कळेनासं होतं, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

धावण्याने शरीर बळकट होतं हे अर्धंच खरं. धावण्याने शरीर आधी दुबळं होतं. बळकट होतं ते नंतर, खाल्ल्या-झोपल्यावर. हान्स सेलिये यांनी १९३६ साली ताणाला शरीर कसं उत्तर देतं याची मांडणी केली: आधी धक्का, मग प्रतिकार, आणि ताण थांबलाच नाही तर शेवटी थकून हार. प्रशिक्षणशास्त्राने ही मांडणी उचलली, पुढे तिच्यात पुष्कळ दुरुस्त्याही झाल्या. पण तिचा गाभा कोणी खोडलेला नाही. लांब पल्ल्याच्या धावेत स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा रिकामा होतो. भात-पोळी नीट पोटात गेली तरी तो पुरता भरायला साधारण एक दिवस लागतो. स्नायूंच्या तंतूंना पडलेल्या सूक्ष्म भेगा बुजायला त्याहून जास्त. ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन, जे पुढे नायकेचे सहसंस्थापक झाले, त्यांनी यातूनच कठीण दिवसामागे सोपा दिवस ही पद्धत रूढ केली. त्यांचा विद्यार्थी केनी मूर याला ती पटत नव्हती. सोप्या दिवशीही तो गुपचूप जादा मैल मारायचा. बॉवरमननी त्याला सोप्या दिवशी ठरल्यापेक्षा पाऊलभरही जास्त धावायची सक्त बंदी केली. मूरने कुरकुरत ती पाळली आणि त्याची वेळ झपाट्याने सुधारली. हाच मूर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये चौथा आला.

हाडांची गोष्ट आणखी वेगळी आहे, आणि आपल्याकडच्या हौशी धावपटूला तीच सगळ्यात महागात पडते. नव्या ताणाखाली आलेलं हाड आधी स्वतःचा थोडा भाग झिजवून काढून टाकतं आणि मग तिथे नवं हाड बांधतं. काढून टाकायचं काम काही आठवड्यांत उरकतं, बांधायला महिने लागतात. म्हणजे मधल्या काळात ते हाड सराव सुरू करण्यापूर्वीपेक्षाही कच्चं असतं. हृदय, फुप्फुसं आणि रक्त मात्र काही आठवड्यांतच तयार होतात. आता आपल्याकडचं वेळापत्रक बघा. जून-जुलैत सरावाला सुरुवात. नोव्हेंबरात दम टिकायला लागतो, सकाळची हवा जरा बरी होते, अंतर चढत जातं, आणि धावणाऱ्याला वाटतं की आता आपल्याला कोण अडवतो. अडवते ती नडगी. नडगीच्या आतल्या कडेला बोटभर जागेत ठणका बसतो. आधी धावताना, मग जिना उतरताना, मग रात्री पलंगावर पडल्या पडल्याही. हा ठणका बर्फ लावून, बाम चोळून, क्रेप बँडेज गुंडाळून दाबला जातो, कारण देणगीच्या पानावर फोटो लागलेला असतो. त्यातून हाडाला चीर गेली की सहा-आठ आठवडे धावणं बंद. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हे घडलं तर जानेवारीचा तिसरा रविवार हातचा गेलाच म्हणून समजा.

यावर पहिला आक्षेप येतो तो मोठ्या धावपटूंचे दाखले देऊन. झाटोपेक बघा, केनियाचे धावपटू बघा, ते थांबतात का? एमिल झाटोपेकचा सराव राक्षसी होता यात वाद नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णपदकं त्याने नेली, आणि मॅरेथॉन तर तो पहिल्यांदाच धावत होता. पण त्याच झाटोपेकच्या चरित्रातला १९५० चा प्रसंग हे दाखले देणारे सांगत नाहीत. ब्रुसेल्सच्या युरोपीय स्पर्धेच्या तोंडावर विषबाधा होऊन तो रुग्णालयात पडला होता. सक्तीची विश्रांती झाली. तिथून उठून तो स्पर्धेला गेला आणि पाच हजार व दहा हजार या दोन्ही शर्यती भल्यामोठ्या फरकाने जिंकला. एका माणसाच्या एका आजारपणावरून सिद्धांत उभा करू नये हे मान्य. पण मग एका माणसाच्या राक्षसी सरावावरूनही तो उभा करू नये.

केनियाच्या बाबतीत तर दाखलाच उलटा लागू पडतो. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाचे, दमाच्या खेळांतले खेळाडू प्रत्यक्षात कसा सराव करतात हे तपासलं, तेव्हा त्यांची सुमारे ८० टक्के सत्रं सोप्या तीव्रतेची निघाली. सोपी म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकी. हौशी धावपटू नेमकं इथेच चुकतो. त्याचा सोपा दिवस धड सोपा नसतो आणि कठीण दिवस धड कठीण नसतो. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात तर हळू धावतानाही नाडी चढलेलीच असते. शिवाय इटेन किंवा काप्तागातच्या छावणीतला धावपटू सकाळची धाव संपवून चहा पितो, जेवतो आणि दुपारी झोपतो. त्याचं कामच धावणं असल्यामुळे विश्रांतीही त्याच्या कामाच्या वेळेतच बसते. आपला माणूस पहाटे १८ किलोमीटर धावून आठ-बावीसच्या डोंबिवली लोकलमध्ये एका पायावर उभा राहतो, दिवसभर खुर्चीत आखडतो, रात्री अकराला जेवतो आणि पुन्हा साडेचारचा गजर लावतो. सराव इटेनचा आणि आयुष्य डोंबिवलीचं, ही जोडी शरीराला परवडत नाही. लोकलमधली धक्काबुक्की घड्याळात नोंदली जात नाही, पण पोटऱ्यांना तिचा हिशेब द्यावा लागतोच.

दुसरा आक्षेप म्हणजे भीती. दोन दिवस थांबलो तर कमावलेलं सगळं जाईल. या भीतीचं मोजमाप झालेलं आहे. एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली चांगल्या कसलेल्या खेळाडूंचा सराव पूर्णपणे थांबवून बघितला. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या २१ दिवसांत ७ टक्क्यांनी घटली आणि ५६ दिवसांनंतर मूळच्यापेक्षा १६ टक्के खाली येऊन स्थिरावली. तीन आठवडे काहीही न करता सात टक्के! मग सोमवारी एक दिवस पाय वर करून पडल्याने नेमकं काय वाहून जाणार आहे? उलट शर्यतीआधी सराव कमी केल्याने वेळ सुधारते, हे २००७ साली बॉस्के आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं. शेवटचे दोन आठवडे एकूण अंतर ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करायचं, वेग आणि दिवसांची संख्या मात्र तशीच ठेवायची, हा त्यातला सर्वांत फलदायी नमुना. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ‘शेवटचं एकदा’ म्हणून ३५ किलोमीटर धावणारे लोक याच दोन आठवड्यांची माती करतात.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. तो असा: हौशी माणसाचं दुखणं अतिसरावाचं नसतंच, कमी सरावाचं असतं. त्याला विश्रांतीचं प्रवचन दिलंत तर आयती सबब मिळेल. थंडी पडली, पाहुणे आले, बूट ओले आहेत, आणि वर ‘शरीराचं ऐकतोय’ हे शास्त्रीय आवरण. यात तथ्य आहे. विश्रांतीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही काही दंतकथा पोसल्या आहेत. आठवड्याला अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये हा नियम देववाणीसारखा सांगतात. पण नेदरलँड्समध्ये २००८ साली नवख्या धावपटूंवर तो तपासला तेव्हा नियम पाळणाऱ्यांच्या आणि न पाळणाऱ्यांच्या दुखापतींत फरक आढळला नाही. तरीही आक्षेप घेणाऱ्यांचा निष्कर्ष चुकतो, कारण सबबीने बुडवलेला दिवस आणि आखून घेतलेली सुट्टी यांचे परिणाम वेगळे असतात. गणपतीत चार दिवस गेले, दिवाळीत आठवडा गेला, फराळ झाला. आणि मग भाऊबीज आटोपताच अपराधी भावनेने एकाच रविवारी बुडालेलं सगळं अंतर भरून काढायचं, हा खरा धोका. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ५,२०५ धावपटूंच्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं. आठवड्याच्या बेरजेतल्या वाढीपेक्षा, गेल्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेच्या तुलनेत एखादी धाव दहा टक्क्यांहून अधिक लांबली की दुखापतीचा धोका चढत होता, आणि ती दुप्पट झाली तर दुपटीहूनही वर जात होता. ही दुप्पट धाव आळशी माणूस मारत नाही. ती मारतो सुट्टीला पाप समजणारा माणूस. ज्याच्या वेळापत्रकात सोमवार आणि शुक्रवार आधीपासून कोरे आहेत, त्याला गेलेल्या दिवसाची भरपाई करावीशी वाटत नाही; तो बुधवारचं बुधवारी बघतो.

कोणी म्हणेल, हा सगळा परदेशी प्रयोगशाळांचा हिशेब झाला. आपली परंपरा तपाची आहे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. पण याच परंपरेत लांब पल्ल्याच्या पायी वाटचालीचा सर्वांत मोठा, शतकांचा अनुभव वारीचा आहे, आणि वारीचं वेळापत्रक कोणत्याही प्रशिक्षकाने शिकावं असं आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यात दोन रात्री थांबते. मग दिवे घाट चढून सासवडपर्यंतचा तीसेक किलोमीटरचा, वाटचालीतला सर्वांत दमवणारा टप्पा; आणि तो झाला की सासवडला पुन्हा दोन रात्री मुक्काम. दररोजच्या वाटेतही न्याहारी, दुपारचं जेवण आणि विसावा यांच्या जागा ठरलेल्या आहेत. दिंडीतल्या सत्तरीच्या म्हाताऱ्या पंढरपूरला पोहोचतात त्यामागे भक्ती आहे, तशी ही आखणीही आहे. विसाव्याला पालखी टेकली म्हणून कोणी विठ्ठलाशी बेइमानी झाल्याचं म्हटलेलं ऐकिवात नाही.

यानंतर उरतो टेरी फॉक्स, आणि त्याच्यापुढे युक्तिवाद करताना जपूनच बोलावं लागतं. कर्करोगाने एक पाय गमावलेला हा कॅनेडियन मुलगा १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सहून निघाला आणि कृत्रिम पायावर दिवसाला जवळजवळ एक मॅरेथॉन या हिशेबाने १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. १ सप्टेंबरला थंडर बेजवळ तो थांबला, कारण कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता. पुढच्या जूनमध्ये, बाविसाव्या वर्षी तो गेला. धावण्यामुळे त्याचा आजार उलटला असं कोणी म्हणू नये, तसा पुरावा नाही. पण त्याचं नाव घेऊन धडधाकट हौशी धावपटूला सुट्टी नाकारणं हाही त्याच्या नावाचा गैरवापर आहे. वेळ त्याच्या हातात किती होता हे त्याला माहीत नव्हतं. तुमच्या हातात जून ते जानेवारी आहे. त्याच्या स्मरणार्थ १९८१ पासून जगभर भरणारी टेरी फॉक्स रन कशी आहे तेही बघावं. तिथे स्पर्धा नाही, विजेता नाही, वेळ नोंदवली जात नाही; धावा, चाला, चाकाच्या खुर्चीतून या. आणि रोजच्या रोज मॅरेथॉन धावून निधी उभारणाऱ्यांतही एडी इझार्ड यांचं उदाहरण आहेच. २००९ साली ब्रिटनमध्ये स्पोर्ट रिलीफसाठी त्यांनी ५१ दिवसांत ४३ मॅरेथॉन पुऱ्या केल्या. उरलेल्या आठ दिवसांचं गणित सोपं आहे: साधारणपणे आठवड्यातले सहा दिवस धावणं आणि एक दिवस सुट्टी. निधीला त्या सुट्ट्यांमुळे ओहोटी लागली नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो बहुधा मनातच ठेवला जातो: कष्ट दिसले तर लोक जास्त देतात. याला संशोधनाचाही आधार असल्याचं सांगितलं जातं. ओलिव्होला आणि शफीर यांनी २०१३ साली दाखवलं की निधीसाठी सहल ठेवण्यापेक्षा पाच मैलांची धाव ठेवली तर माणसं अधिक रक्कम द्यायला तयार होतात. वेदना आणि श्रम यांनी देण्याला अर्थ येतो. पण त्या प्रयोगांत देणारा आणि सोसणारा एकच होता. स्वतः धावणार असलेला माणूस स्वतःच्या खिशातून किती देईल, हा प्रश्न होता. तुमच्या आत्याने किंवा ऑफिसातल्या हिशेबनीसाने दिलेले दोन हजार रुपये तुमच्या मंगळवारच्या दहा किलोमीटरांवर ठरलेले नव्हते. त्यांनी ते संस्थेच्या कामाकडे बघून दिले, तुमच्यावरच्या लोभाने दिले, आणि बऱ्याच जणांनी तर आयकरातली सवलत बघूनही दिले. त्यातही काही गैर नाही. त्यांना हवी आहे ती संस्थेची पावती. तुमच्या धावेचा स्ट्राव्हा ॲपवरचा नकाशा त्यांनी मागितलेला नाही. जो स्वतःला देणगीदाराचा ऋणको समजून पाय मोडेपर्यंत धावतो, तो देणगीदाराने न मागितलेलं व्याज भरत असतो, आणि ते संस्थेच्या खात्यात एका रुपयानेही जमा होत नाही.

म्हणून आर्जव आधी धावण्याच्या गटांना आणि कंपन्यांच्या निधी-समित्यांना. भिंतीवर आणि ग्रुपवर लावलेली ‘सलग किती दिवस’ आणि ‘एकूण किती किलोमीटर’ ही कोष्टकं काढून टाका. लावायचंच असेल तर किती रक्कम जमली आणि ती कशावर खर्च होणार ते लावा. सरावाच्या तक्त्यात कोरे दिवस शाईने लिहा, पेन्सिलीने नको. आणि धावणाऱ्यांनी एवढं करावं: नडगीत एका जागी ठणका बसला आणि दोन दिवसांच्या विश्रांतीने तो गेला नाही, तर तिसऱ्या दिवशी बूट न चढवता अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. त्यांनी धावायला मनाई केली तर देणगीदारांना दोन ओळींत तसं कळवावं, आणि ज्या रविवारी धावायचं होतं त्या रविवारी पेडर रोडच्या चढावर पाण्याच्या बाटल्या वाटायला उभं राहावं. रक्कम संस्थेकडे जमा झालेली असते. तुम्ही शर्यत पुरी केली नाही म्हणून ती परत मागितली जात नाही.